पिल्लाच्या उंचीवर

लेकीने कुत्र्याचं पिल्लू माझ्या गळ्यात घातलं आणि वर हुकूम सोडला, बागेत सोडायच्या आधी बाग नीट तपासून घे, तीही त्याच्या नजरेने, रांगत. या वयात रांगायचं म्हणजे परत उठायची हमी नाही. पण ते दारामागे असं काही कुईकुई करत होतं, की मी मुकाट्याने गुडघे टेकले.

खाली गेले आणि बाग वेगळीच झाली. दुपारचं ऊन पानांतून गाळून येत होतं. माझे रोजचे गुलाब म्हणजे नुसते काटेरी खांब, आणि आभाळ कुठल्या कुठे उंच. गोगलगायींसाठी टाकलेलं औषध वेचलं, हरवलेलं खुरपं सापडलं, पाण्याच्या पिंपावर फळी ठेवली. मग कशासाठी आलेय तेच विसरून एका मुंगीच्या मागे बराच वेळ सरकत राहिले. ह्यांनी खिडकीतून विचारलं, काही हरवलंय का. मी म्हटलं, अक्कल.

मुंगीने मला नेलं ते थेट कुंपणातल्या भोकाशी. ते मला माहीत नव्हतं असं नाही, मी हल्ली तिकडे बघायचंच सोडलं होतं. पलीकडे माझी धाकटी जाऊ राहते. या भोकातून आमच्या भाजीच्या वाट्या जायच्या-यायच्या. मग तिच्या कण्हेरीच्या पानांनी माझी मोरी तुंबायला लागली. झाड तोड म्हटलं, तर म्हणाली, आधी माझा हात तोडा. मीही काही कमी नाही, तोंडाला येईल ते बोलले. तेव्हापासून अबोला.

कण्हेर विषारी आणि पिल्लू दिसेल ते चावणार, म्हणजे भोक बुजवणं भाग होतं. जाळी, तार, पक्कड घेऊन बसले, पण हात चालेना. खरं सांगते, मला ते बुजवायचं नव्हतं. ती कधी आपणहून आली असती तर इथूनच आली असती. पण त्या मुक्या जिवाशी खेळ कसा करायचा? डोळे चुरचुरायला लागले, तरी जाळी लावून एक तार पिळली.

तेवढ्यात पलीकडे सळसळ ऐकू आली. जाळीला नाक लावून बघितलं, तर कण्हेरीच्या जागी नुसता खड्डा. जाऊ हातमोजे घालून, माझ्यासारखीच गुडघ्यांवर, पडलेलं पान न् पान वेचत होती. तिने मान वर केली आणि आमची तोंडं समोरासमोर आली.

"कालपासून त्याचं रडणं ऐकतेय," ती म्हणाली. "ते इकडे येणारच ना, ताई. भोक तेवढं बुजवू नका."

माझ्यासाठी एक फांदी छाटली नव्हती बाईने, आणि कालच्या पिल्लासाठी अख्खं झाड मुळासकट काढलं. मला राग यायला हवा होता, आणि मी आपली रडत होते. पिळलेली तार उलगडायला गेले, तर ती घट्ट बसलेली. मग पलीकडून तिने हात घातला.