बत्तीस हजार सातशे सदुसष्ट

हर्षदला दोन वर्षांत बाराशे मागण्या आल्या होत्या, आणि त्या बिचाऱ्याने ही गोष्ट कुणाला म्हणून सांगितली नव्हती. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? हैदराबादच्या बौद्ध मंडळाच्या वधू-वर वेबसाइटवर त्याने नाव घातलं, पंधरा दिवसांत प्रणिताचं स्थळ आलं, लग्नही होऊन गेलं, आणि त्यानंतर त्याच्या मेलवर लातूरचे इंजिनिअर, परभणीचे मास्तर आणि सिकंदराबादचे बँकवाले रांगेने येऊ लागले. मित्रांपैकी कुणीतरी चेष्टा करतंय असं समजून तो मेल न उघडताच तसेच पडू देत राहिला. गुरुवारी सकाळी त्याचा फोन प्रणिताच्या हाती लागला. पत्रं न उघडता ती पाठवणाऱ्यांची नावं वाचत गेली. मुलांची बघून पोट धरून हसली. मग खाली मुलींची दिसायला लागली.

"अमरदीपदादा, हसू नका," हर्षद फोनवर म्हणाला. "मी लई परेशान आहे. ती सकाळपासून बोलत नाहीये."

अमरदीप हसलाच. मंडळाची वेबसाइट त्यानेच बांधलेली, फुकटात, रविवारच्या रविवारी बसून. त्याबद्दल मेळाव्यात त्याच्या खांद्यावर शालही पडली होती. हाय-टेक सिटीतल्या कंपनीच्या कँटीनमध्ये पुढ्यात डोशाचं ताट घेऊन तो मजेत म्हणाला, "खातं क्रमांक सांग बघू."

"बत्तीस हजार सातशे सदुसष्ट."

अमरदीपचा घास तोंडातच राहिला. संगणकाचं काम करणाऱ्याला हा आकडा स्वतःच्या जन्मतारखेइतका पाठ असतो. आकडा साठवायला संगणकात जागा आधीच ठरवून द्यावी लागते. छोटी जागा दिली तर तिच्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतचाच आकडा मावतो, त्याच्यावर एकही नाही. मोठी जागा दिली तर दोनशे कोटींपर्यंत चिंता नाही. आणि मोठ्या जागेला जास्तीचं काय लागतं? दीड दमडीसुद्धा नाही. अमरदीपने खात्यांच्या तक्त्यात मोठी जागा दिली होती. पत्रांच्या तक्त्यात, 'कुणाला' या रकान्यात, छोटी दिली होती. का, तर आपली माणसं ती किती असणार! मराठवाड्यातून हैदराबादला आलेली बौद्ध घरं, त्यातली लग्नाची मुलं-मुली, दोन-तीन हजार म्हणजे डोक्यावरून पाणी. दुसऱ्यांचं काम करताना हा माणूस कोटींचा हिशेब धरायचा, आणि आपल्यांचं आलं की हात आखडायचा.

तरीही निभावलं असतं. पण मंडळाचे चिटणीस निवृत्तीकाका, रेल्वेतून निवृत्त झालेले, सुरुवातीलाच म्हणाले होते, "अमर, पहिल्या माणसाला एक नंबर देऊ नको रे बाबा. लोक म्हणतील, कालच दुकान उघडलं. आकडा कसा भारदस्त दिसला पाहिजे. एकतीस हजार एकपासून धर." अमरदीपने धरला. म्हणजे खरी जागा उरली सतराशे सदुसष्ट माणसांची, आणि शेवटच्या जागेवर बसला हर्षद.

त्याच्यापुढच्यांचं काय झालं, हे कळायला अमरदीपला दहा मिनिटं पुरली. आकडा मावला नाही की संगणक एरवी बोंब मारतो. ती बोंब त्याला जाच वाटायची म्हणून त्याने पहिल्याच महिन्यात ती बंद करून टाकली होती. मग संगणकाने मुकाट्याने तेच केलं जे अशा वेळी तो करतो. जो आकडा मावत नव्हता, त्याच्या जागी मावणाऱ्यांतला सगळ्यांत मोठा लिहिला. हर्षदनंतर तीनशे बेचाळीस जणांनी नाव घातलं होतं. त्यांना आलेलं प्रत्येक पत्र हर्षदच्या दारात जाऊन पडत होतं, आणि ते तीनशे बेचाळीस जण आपापल्या घरी वाट बघत बसले होते.

त्याने जागा मोठी केली. बोंब पुन्हा चालू केली. इतकं सोपं होतं ते, आणि त्यामुळेच त्याला जास्त लाज वाटली. मग त्याच्या मनात जे आलं ते सांगायलाच हवं, कारण तोही काही देवमाणूस नव्हता. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर वेबसाइट आपणहून 'आयु. अमुक अमुक यांस सप्रेम जय भीम' असं लिहायची. हे निवृत्तीकाकांनी हट्टाने घालून घेतलं होतं. त्यामुळे कुठलं पत्र कुणाचं हे अजूनही समजत होतं. मग सगळी पत्रं ज्याची त्याला गुपचूप वाटून टाकली तर? तारखा तेवढ्या आजच्या करायच्या. लोक म्हणतील, यंदा स्थळं जोरात आहेत. त्याने तसं करायला सुरुवातही केली, आणि पहिलंच नाव आलं आयु. पिंकी निवृत्ती हनवते.

त्याने हात मागे घेतला. पिंकी ही निवृत्तीकाकांची मुलगी, वय तेहेतीस, कोठीजवळच्या एका इस्पितळात रक्ततपासणीचं काम करणारी. गेल्याच आठवड्यात काकांचा फोन आला होता. "जमलं एकदाचं. नांदेडचे आहेत. पहिली बायको वारली, दोन लेकरं आहेत. वय जरा आहे, एकोणपन्नास. पण माणूस भला वाटला. रविवारी साखरपुडा, तू ये." आवाजात आनंद कमी आणि सुटका जास्त होती. अमरदीपने अभिनंदन करून फोन ठेवला होता.

आणि आता त्याला गेल्या वर्षीचा मेळावा आठवला. जेवणाच्या रांगेत पंचफुलाकाकू, पिंकीची आई, हातात रिकामं ताट घेऊन त्याच्याजवळ आल्या होत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या होत्या, "अमरू, पिंकीला एकबी पत्र आलं नाही रे. आत काही अडकलं तर नसंल? बघ ना जरा." शाल खांद्यावरच होती, आसपास चार माणसं ऐकत होती. तो म्हणाला होता, "काकू, सिस्टीममध्ये काही अडकत नसतं. येत नाही म्हणजे येत नाही. फोटो बदलून बघा की." चौघे हसले होते. तोही हसला होता. काकूंनी मान हलवली आणि पुढे सरकून ताटात भात घेतला.

बघायला पाच मिनिटं लागली असती.

खात्यात काय काय बदललं याची नोंद वेबसाइट ठेवते. त्याने पिंकीची नोंद उघडली, आणि पहिल्या काही ओळींतच आपण ती उघडायला नको होती असं त्याला वाटलं. सुरुवातीला अपेक्षा होती: पदवीधर, हैदराबाद किंवा सिकंदराबाद, लग्नानंतर नोकरी चालू ठेवू देणारं घर. फोटोत पांढऱ्या कोटातली पिंकी इस्पितळाच्या पायरीवर उभी, केस वाऱ्याने विस्कटलेले, दात दाखवून हसणारी. चार महिन्यांनी हैदराबाद खोडलं, तिथे आलं 'कुठेही चालेल'. मग पदवीधर गेलं. मेळाव्यानंतर आठव्या दिवशी फोटो बदलला. हा आबिड्सच्या स्टुडिओतला, तोंडावर पावडरचा थर, ओठ मिटलेले, आणि स्टुडिओवाल्याने रंग असा उजळलेला की मान वेगळी आणि चेहरा वेगळा दिसावा. मग घटस्फोटित चालेल. विधुर चालेल. अपत्य असल्यास चालेल. दोन महिन्यांपूर्वीची शेवटची नोंद होती: 'लग्नानंतर नोकरी सोडण्याची तयारी आहे.'

आणि या दोन वर्षांत तिला सेहेचाळीस पत्रं आली होती. हैदराबाद खोडलं त्याच आठवड्यात हबसीगुड्याच्या एका प्राध्यापकाने लिहिलं होतं की, तुमचा हसरा फोटो आईला फार आवडला, भेटू शकतो का.

अमरदीपने लॅपटॉप मिटला. तारखा बदलून पत्रं वाटायची कल्पना त्यालाच आली होती, आणि ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोयही नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी सेहेचाळीस कागदांची फाइल घेऊन तो तारनाक्याला उतरला. वाटेत मेट्रोत त्याने वाक्य तयार केलं होतं. आकडा एकतीस हजारांपासून धरायला तुम्हीच सांगितलं होतं ना काका, असं सहज बोलण्याच्या ओघात टाकायचं. खोटं तर काही नव्हतं त्यात.

घरात शेजाऱ्यांच्या खुर्च्या येऊन पडल्या होत्या. काका त्यांच्या पाठीवर खडूने नावं टाकत होते, कुणाच्या किती ते. "बरं झालं आलास. बस. पंचफुला, चहा टाक, अमर आलाय."

"काका, आधी ऐका. मग चहा द्यावासा वाटला तर द्या."

त्याने सांगितलं. जागा, आकडा, हर्षद, सगळं. मध्येच इंग्रजी शब्द यायचे, ते गिळून पुन्हा साध्या शब्दांत सांगायचा. काका खडू हातात धरून ऐकत होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथेच थांबल्या.

"म्हणजे पत्रं आली होती?" काकांनी विचारलं.

"आली होती. सेहेचाळीस."

काका खुर्चीवर बसले. खडू बाजूला ठेवला. मग म्हणाले, "एकतीस हजार एक मीच म्हणालो होतो ना रे?"

मेट्रोतून जपून आणलेलं वाक्य म्हाताऱ्याने आपणहून त्याच्या ओंजळीत टाकलं होतं. नुसतं 'हौ' म्हटलं असतं तरी ओझं निम्मं झालं असतं. पण समोर वाकलेली ती मान पाहून अमरदीपला ते उचलवेना.

"नाही काका. तुमचा आकडा चालला असता. लाखापासून धरला असता तरी चालला असता. जागा मी कमी ठेवली. आणि काकूंनी बघ म्हटलं तेव्हा मी बघितलं नाही."

"कोणती पत्रं?" दारातून आवाज आला. पिंकी ड्यूटीवरून आली होती, खांद्यावर पिशवी तशीच. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. अमरदीपने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं होत नाही, उलट आपलेच शब्द आपल्याला ऐकू यायला लागतात.

तिने फाइल घेतली आणि उभ्या उभ्याच चाळली. एका कागदावर थांबली. "हबसीगुडा. इथून एक स्टॉप." मग विचारलं, "याचं लग्न झालं असेल?"

"झालं. मागच्या मे महिन्यात." त्याने तेही पाहून ठेवलं होतं.

पिंकीने तो कागद परत जागेवर लावला. ती ओरडेल, निदान दोन शिव्या देईल, असं त्याला वाटत होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाबा, नांदेडला फोन लावा. रविवारी साखरपुडा नको म्हणा."

"अगं, खुर्च्यासुद्धा आल्या..."

"परत जातील. त्यांना खोटं कारण देऊ नका, चांगले आहेत ते. जे झालं ते सांगा. मी हो म्हटलं तेव्हा मला वाटत होतं की मला कुणी विचारतच नाही. आता मला पुन्हा विचार करायचाय. कदाचित पुन्हा हो म्हणेन. पण विचार करून म्हणेन."

"आणि लोकांना काय सांगू गं मी?"

"लोकांना हा सांगेल." तिने अमरदीपकडे बोट केलं. "मेळाव्यात, माईकवर. किती घरं म्हणालास?"

"तीनशे बेचाळीस."

"त्या प्रत्येक घरी फोन करायचा. मेसेज नाही, फोन. समोरचा काय बोलेल ते ऐकून घ्यायचं."

"करतो," तो म्हणाला.

ती फाइल घेऊन आत गेली. काका फोन हातात धरून नांदेडचा नंबर शोधू लागले, चष्मा नाकावर असूनही त्यांना तो सापडत नव्हता. अमरदीप उठला. चहा झालाच नव्हता.

दारात तो चपला घालत असताना काकू मागून आल्या. आवाज मेळाव्यात होता तेवढाच हलका होता.

"अमरू, मग पहिला फोटो बरा होता का रे?"

"चांगला होता, काकू. सेहेचाळीसांतली एकतीस पत्रं पहिल्याच फोटोवर आलेली आहेत."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं, माझ्या रंगावर गेली म्हणून. वर्ष झालं, पावडर लावल्याबिगर तिला ड्यूटीला जाऊ दिलं नाही मी. लेकरू रोज लावून जायचं, काही बोलायचं नाही."

अमरदीप चपलेच्या पट्ट्याशी झटत राहिला. पट्टा केव्हाच लागला होता, पण वर बघायची त्याची हिंमत होत नव्हती.