सात पात्यांची शिडी

चैतू महाराजांनी काकडी उचलली, झाडाला टेकवलेल्या शिडीच्या सगळ्यात खालच्या पात्याच्या टोकावर ठेवली आणि नुसती ओढली. काकडीचे दोन तुकडे खाली पडले. तलावाच्या पाळीवर जमलेल्या दोनेकशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला. मग महाराजांनी धोतर वर खोचलं, त्याच पात्यावर अनवाणी पाय ठेवला, दुसरा वरच्या पात्यावर, आणि सातही पाती चढून गेले. वर पोचल्यावर त्यांनी तळवे वळवून दाखवले. रक्ताचा थेंब नव्हता.

"हे पातं नोहे बाप्पा, हे माय आहे माय!" महाराज वरून ओरडले. "माय लेकराले कापत नाई! पाप्याचं रगत पिते आन् निर्मळाचे पाय चाटते!"

काकडीने काय पाप केलं होतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. बाया शिडीवर हळदकुंकू उधळत होत्या, म्हातारे लोटांगण घालत होते आणि नागभीडहून आलेली दोन पोरं मोबाइलवर सगळं टिपत होती.

मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मला हात जोडवेनात आणि उठूनही जाता येईना, कारण ती सातही पाती मी घासली होती.

माझं नाव अश्वजित. चंद्रपूरच्या एका कारखान्यात वीस वर्षं टर्नर होतो. आता घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये एक जुनी लेथ आणि एक ग्राइंडर टाकून बसलो आहे. लेथला लागणारी हत्यारं माझी मीच बनवतो, आणि धान कापणीच्या आधी आजूबाजूच्या गावांतले विळे, कुऱ्हाडी, भाजी चिरायच्या पावश्या माझ्याकडेच धारेला येतात. ग्राइंडरवर उडणाऱ्या ठिणग्या पाहून लोखंड कोणतं ते मी सांगतो. याचा मला गर्व आहे, आणि त्या गर्वानेच माझा घात केला.

होळीनंतर एक माणूस मोटारसायकलवर ट्रकच्या कमानीची, म्हणजे स्प्रिंगची, सात पाती बांधून आला होता. एटापल्लीकडे बांबू चिरायचं मशीन बसवतो आहे म्हणाला. त्याला पात्याच्या दोन्ही कडा घासून हव्या होत्या. एक कड पूर्ण धारदार. दुसरी दिसायला तशीच, पण शेवटची चार बोटं सोडून तिची धार मोडलेली, म्हणजे ऐन कडेवर अर्धा मिलिमीटरची चपटी पट्टी. दुरून ती कोणाला दिसत नाही. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी गेलं, कणखरपणा गेला. म्हणून क्षणाक्षणाला बादलीत बुडवायचं, चमक राखायची आणि धार तेवढी मोडायची. दोन दिवस मी त्यात असा रंगलो की हे कशासाठी, हा प्रश्न डोक्यात शिरलाच नाही. कारागिराला अवघड काम दिलं की तो असाच फसतो. माझ्या सवयीप्रमाणे धारदार कडेजवळ मी पंच ठोकून एक ठिपका तेवढा मारला. हाताळणाऱ्याने तिकडून धरू नये म्हणून.

शिडीवर सातही ठिपके खालच्या अंगाला होते. महाराज माझ्या चपट्या पट्टीवरून चढून गेले होते.

मी तिथेच उठून बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात पत्रूभाऊ हात जोडून पुढे आले. मच्छीमार सोसायटीचं सगळं त्यांच्याकडे होतं. पंधरा दिवसांपूर्वी एका सकाळी तलावातली सगळी मासोळी उलटी होऊन तरंगली होती, तेव्हापासून माणूस धड जेवला नव्हता.

"कोनं केलं थे सांगा महाराज," पत्रूभाऊंनी विचारलं.

महाराजांनी डोळे मिटले. "बाई आहे. एकटी आहे. तिच्या दारातून तलाव दिसते."

तलावाकाठी घर एकच, रुखमाबाईचं. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहते. दोनशे माना एकदम मागे वळल्या.

"मी काई नाई केलं जी!" रुखमाबाई म्हणाली.

"मंग भेव कायचं? परवा हे शिडी चढून दाखव," महाराज म्हणाले. "पाय साबूत राह्यला तं आमी तुह्या पाया पडू. कापला तं तू गाव सोडशीन, आन् थे जागा देवीच्या ठान्याले."

आता मला सगळं कळलं, दुसरी, धारदार कड कोणासाठी होती तेही, आणि कळल्याबरोबर तोंड शिवल्यासारखं झालं. बोललो तर लोक म्हणणार, पाती याचीच, म्हणजे हाही सामील. शिवाय आमच्या घरी देवघर नाही, बुद्धविहारात जाणारी माणसं आम्ही. त्यामुळे यांना आमची देवी बघवत नाही, असं म्हणायला गाव मोकळं. मी घरी आलो आणि ग्राइंडर सुरू करून बसलो. त्या आवाजात कोणाशी बोलावं लागत नाही.

रुखमाबाईच्या दारासमोर त्याच सोमवारी संध्याकाळी चार जण खाट टाकून बसले. माझी बायको रिना गावची आशा कार्यकर्ती आहे. तिला कोणी अडवत नाही, म्हणून भाकरी तीच घेऊन जायची.

"तिच्या घराले मागून दार बी नाई," मंगळवारी परत येऊन रिना म्हणाली. "पळाली तं दोषी, नाई चढली तं दोषी, चढली तं पाय कापन. बाई भिताडाले टेकून बसली आन् आपले पाय पाहून राह्यली."

मी लेथला तेल दिलं. त्या दिवशीचं ते तिसरं तेल होतं.

बुधवारी सकाळी मी रिनाला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमाले सोमवारपासून मालूम आहे?"

"हो."

"आन् तुमी इथी बसून ग्राइंडर चालवून राह्यले?"

तिने पोलिसांना फोन लावला. निघतो म्हणाले. पण दहा वाजले, लोक पाळीवर जमले आणि पोलीस काही आले नव्हते.

महाराजांच्या दोन चेल्यांनी शिडी उचलली. "महाराजाची शक्ती पान्यात उतरवा लागते, नाई तं बाईले फुकट फायदा भेटंन," असं सांगत त्यांनी ती तलावात बुडवली, बाहेर काढली आणि पुन्हा झाडाला टेकवली. फक्त वरचं टोक खाली करून. आता सातही ठिपके वर आले होते.

रुखमाबाईला दोन बाया दंडाला धरून घेऊन आल्या. तिचे पाय हळदीच्या पाण्याने धुतले. तिने पाय उचलला आणि पात्याकडे नेला.

"थांबा रुखमाबाई!"

हा आवाज माझा होता. मी पुढे गेलो.

"महाराज, पयले तुमी चढा," मी म्हणालो.

"देवी दिवसातून एकडावच चढू देते!"

"आज कुठी चढले तुमी? चढा नं!"

कोणीतरी हसलं. पत्रूभाऊंनी माझा दंड धरला. "अश्वजित, तुमी लोक देव मानत नाई. आमच्यात पडू नको गा."

"देवाचं राहू द्या पत्रूभाऊ. हे पाते मी घासले. माह्या शेडमधी, माह्या हातानं."

मी पूजेच्या ताटातली काकडी घेतली आणि पात्याच्या वरच्या कडेवर मधोमध ओढली. तुकडे झाले. मग तीच काकडी खालच्या कडेवर तशीच मधोमध ओढली. ती नुसती चेंबली. टोकाच्या चार बोटांवर ओढली, पुन्हा कापली. ठिपके दाखवले. मग शिडी उलटी केली, चपला काढल्या आणि लोकांकडे तोंड केलं.

"मी दारू पेतो. चंद्रपूरले असतानी बायकोले खोटं सांगून सिनेमे पाह्यले. आन् सोमवारपासून सगळं मालूम असून गप बसलो, याच्याहून मोठं पाप इथी कोनाचं नसन. पाहा आता, माय मले कापते का!"

मी चढलो. पाय सरळ ठेवायचा, घासू द्यायचा नाही, एवढंच ध्यानात ठेवलं. चपट्या पट्टीवर अंगाचं वजन पसरतं आणि राठ तळव्याला काही होत नाही. वर जाऊन तळवे दाखवले. कोरडे होते. खाली उतरलो तर पत्रूभाऊंनी स्वतः दोन्ही कडांवर अंगठा फिरवला. ठिपक्याच्या बाजूला अंगठ्यातून रक्त आलं. अंगठा तोंडात धरून ते खालीच बसले.

महाराज गर्दीत खडावा शोधत होते. "अनवानीच जा नं महाराज," मागून एक बाई म्हणाली, "तुमाले काय होते?"

महाराज गावच्या वेशीवर पोचले, तोच पोलिसांची गाडी समोरून आली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा लागला, पाती जप्त झाली, माझाही जबाब झाला. मासोळीचं पुढच्या आठवड्यात मत्स्य विभागाच्या माणसाने सांगितलं. उन्हाने तलाव आटला होता, वर हिरवा थर माजला होता आणि पहाटे पाण्यातली हवा मासोळीला पुरली नाही. ते ऐकून पत्रूभाऊ रुखमाबाईच्या दारात गेले आणि पाया पडले.

मीही गेलो. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मग विचारलं, "अश्वजितभाऊ, तुमाले सोमवारीच मालूम होतं म्हनते. मंग दोन दिवस मले तसं काऊन ठेवलं?"

खरं उत्तर होतं, मी भ्यालो. पाणी तसंच ठेवून मी उठलो.

आता शेडवर कोणी वेगळं काम घेऊन आलं की मी आधी विचारतो, कशासाठी. काही जण चिडतात, दुसरीकडे जातात. जाऊ देत. तुम्हीही विचारा. जे पातं काकडी कापतं ते पाय का कापत नाही, हे विचारायला टर्नर असावं लागत नाही. हात लावून पाहा, उलटं करून पाहा, ज्याचा चमत्कार त्यालाच पुन्हा करायला सांगा. आणि उत्तर तुमच्याचजवळ असेल तर ते तिसऱ्या दिवसापर्यंत राखून ठेवू नका.