सत्ताविसावी सही

बन्सीधरशेठच्या दुकानात गिऱ्हाईक कधी पाऊल ठेवत नसे. गंगाखेडच्या स्टेशनामागे पत्र्याची लांबलचक वखार होती, तेच दुकान. वर्तमानपत्रात जाहिरात यायची, कुठून कुठून कार्डं यायची आणि घड्याळं, ट्रान्झिस्टर, केस वाढवायचं तेल असला माल पोस्टातून व्ही.पी.नं गावोगाव जायचा. पार्सलं बांधायला सत्तावीस बाया होत्या. राणीसावरगावची बसम्मा त्यांच्यात एकटीच सातवी शिकलेली, म्हणून ती पत्ते लिहायची. नवरा वारल्यापासून सासू आणि दोन पोरी तिच्या त्या पत्त्यांवर जगत होत्या.

काम सहाला सुटायचं, पण बाया सुटायच्या नाहीत. एकदा एक घड्याळ हरवलं, तेव्हापासून शेठनं झडती सुरू केली. दाराशी एक खोली, खोलीत सरजाबाई नावाची एकटी बाई, आणि बाहेर सगळ्यांची रांग. ओचा, चोळी, जेवणाचा डबा, केसांचा बुचडा, सगळं तपासलं जायचं. बसम्माच्या गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबीसुद्धा सरजाबाई उघडायला लावायची. परक्याचा हात लागू नये म्हणून बसम्मा ती स्वतःच उघडून दाखवायची आणि घरी गेल्यावर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय जेवायची नाही.

रांग संपायला तास जाई. त्या तासाची मजुरी नव्हती. होती ती मजुरीही सरकारी दराच्या निम्मी. पण बायांना मजुरीहून जास्त घोर साडेसहाच्या यष्टीचा असायचा. त्यानंतरची गाडी आली तर आली.

शहाऐंशी सालचा पौष होता. बसम्माच्या गावची दगडाबाई आठ महिन्यांची पोटुशी होती. त्या संध्याकाळी ती रांगेच्या टोकाला भिंत धरून उभी होती.

"मुकादम, पोटात कळ यायलीय. मला पुढं घ्या," ती म्हणाली.

माणिकराव मुकादमानं मान वर केली नाही. "सगळ्यायलाच घाई हाय बाई. रांगेत ऱ्हा."

"माझ्या जागी घ्या तिला," बसम्मा म्हणाली. तिचा नंबर पाचवा होता.

"जागा बदलली तर दोघीयचा बी खाडा लावीन."

बसम्मानं जागा सोडली नाही. तिचा नंबर आला, झडती झाली, आणि बाहेर यष्टी उभी दिसली. तिनं एकदा मागं वळून पाहिलं आणि ती पळाली. धाकटी पोर तापानं फणफणली होती, सासूला डोळ्यांनी दिसत नव्हतं. ही कारणं खरीच होती. पुढं कित्येक महिने तिनं ती स्वतःला सांगून पाहिली.

दगडाबाईची यष्टी चुकली. पुढची आलीच नाही. आणखी दोघी तिच्यासोबत चालत निघाल्या आणि वाटेतल्या एका पुलाखाली ती बाळंत झाली. बैलगाडीवाल्यानं घरी आणून सोडलं तेव्हा पोरगी लुगड्यात गुंडाळलेली होती. रडली नव्हती, हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बसम्मा दिवसभर पत्ते लिहीत राहिली. सहा वाजता ती झडतीच्या खोलीत गेली नाही. दाराशीच खाली बसली. "मी काई चोरलं न्हाई. मला जाऊ द्या," एवढंच म्हणाली. तिच्यामागं एकेक करत सगळ्या बसल्या. तिसऱ्या दिवशी वखारीचं दार त्यांच्यासाठी उघडलंच नाही. सत्तावीस जणींना कामावरून काढल्याचा कागद फाटकाला चिकटवला होता.

गंगाखेडात मन्मथअप्पा नावाचे म्हातारे वकील होते. बसम्मा त्यांच्या ओसरीवर गेली. "शरणार्थ अप्पा," म्हणाली आणि सगळं सांगितलं. अप्पांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"एकेकीचा दावा लावला तर शेठ एकेकीला विकत घेईल," ते म्हणाले. "सगळ्यायचा मिळून एकच लावू. कमी दिलेली मजुरी मागू, आणि झडतीच्या तासाची बी. बायायला कोंडून ठिवलं जायचं, हे कोर्टाच्या कागदावर यायला पायजे. दगडाबाईचं बी."

"यील का अप्पा?"

"मागून तर बघू."

मग तारखा सुरू झाल्या. कोर्ट परभणीला. कधी जजसाहेब रजेवर, कधी शेठचा वकील आजारी. एकदा नामांतराच्या बंदमध्ये यष्ट्या थांबल्या, तर चौदा बाया गंगाखेडच्या स्टेशनापर्यंत चालत गेल्या, आणि परभणीत पोचल्यावर कळलं की त्या दिवशी कोर्टात कोणी आलंच नाही. दीड वर्ष असं गेलं. शेठनं नव्या बाया ठेवल्या. दावा लावणारीला कोणी कामावर घेईना. बसम्मानं आधी जोडवी मोडली, मग तांब्याची घागर, मग थोरलीची शाळा. दगडाबाई दुसऱ्याच्या शेतात काढणीनंतर पडलेला सरवा वेचायची आणि मिळालेल्या कणसांच्या कण्या पाण्यात शिजवायची. कडूबाई नावाची एक पार्सलवाली उपाशीपोटी तारखेला आली आणि कोर्टाच्या आवारातच चक्कर येऊन पडली.

त्याच दिवशी अप्पा तडजोडीचा कागद घेऊन बाहेर आले. सगळ्या लिंबाखाली बसल्या होत्या. अप्पांचा आवाज खाली आला होता.

"दर बाईमागं सातशे रुपये द्यायला शेठ तयार हाय. आपला हिशेब चार हजारांचा होता, ते मला ठावं हाय. काम परत मिळणार न्हाई. अन् दोन अटी हायत. झडतीचा, दगडाबाईचा मजकूर दाव्यातून काढायचा, पुन्यांदा कुठं मागायचा न्हाई. अन् सही सत्तावीसच्या सत्तावीस जणीयची पायजे. एक जरी कमी पडली तर कुणालाच पैसा न्हाई."

"अन् न्हाई घेतलं तर?" कडूबाईनं पडल्या पडल्याच विचारलं.

"तर लढायचं. दोन वर्षं, चार वर्षं. जिंकलो तर शेठ वर अपील करील. मी तोवर ऱ्हाईन का न्हाई, त्याचा बी भरवसा न्हाई."

एकेक बाई उठली आणि अंगठा लावू लागली. सव्वीस झाले. बसम्मा बसूनच होती.

"मी न्हाई करत सही," ती म्हणाली. "सातशे नका देऊ, पाचशे द्या. पर दगडाबाईचं त्ये वाक्य ऱ्हाऊ द्या."

शेठ कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसला होता. बसम्मा तडक त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. त्यानं नजर चुकवली नाही, आवाजही चढवला नाही.

"बाई, पैसे वाढवून माग, पन्नास-शंभर बघतो. अक्षर मागू नको. ते अक्षर कागदावर आलं तर उद्या पोलीस माझ्या दारात येतील."

"एक पोरगी मेली शेठ."

"मी मारली का?"

बसम्माला वाटलं, ह्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं. हातात काहीच नव्हतं. ती परत लिंबाखाली आली तेव्हा सगळ्या तिच्याकडं पाहत होत्या. रागानं नाही. भुकेली माणसं चुलीकडं पाहतात तसं. तिला ते सोसेना.

दगडाबाई उठून तिच्याजवळ आली.

"बसम्मा, कर सही."

"दगडे, तुझ्यासाठीच तर..."

"मला ठावं हाय. पर माझ्या घरी दोन जित्ती हायत. त्यायला काय घालू, कोर्टाचा कागद?"

"मी त्या दिवशी तुला सोडून यष्टीत बसले," बसम्मा म्हणाली. दीड वर्षांत हे तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

दगडाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "बसलीस. मी बघत होते. मला लय राग आला होता तुझा. आता राग धराया बी अंगात ताकद न्हाई. सही कर बाई, बाजार उठायच्या आत जवारी घ्यायचीय."

बसम्मानं अप्पांच्या हातून पेन घेतला. सव्वीस निळ्या अंगठ्यांखाली तिनं आपलं नाव लिहिलं. हजारो पार्सलांवर दुसऱ्यांची नावं तिनं वळणदार अक्षरांत लिहिली होती. स्वतःचं मात्र वाकडं आलं.

आत जाऊन सगळ्यांनी साहेबांपुढं माना हलवल्या. पाऊण तासात पैसे वाटून झाले. शेठ जीपमध्ये बसून निघून गेला. अप्पांनी आपली फी घेतली नाही. ते भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसत राहिले.

बसम्मा कोर्टाच्या पायरीवर बसली होती. हातात कागदाची नक्कल होती. दगडाबाई शेजारी येऊन टेकली.

"वाच," ती म्हणाली.

"काय वाचू? तुझं न्हाई त्यात काई."

"न्हाई ते ठावं हाय. पर अंगठा लावलाय, त्यात हाय काय ते तर कळू दे."

बसम्मानं पहिल्या ओळीपासून वाचलं. अर्जदारांची नावं, गावं, वयं. उभय पक्षांत आपखुशीनं तडजोड झाल्याचं. अर्जदारांची सामनेवाल्याविरुद्ध कोणतीही तक्रार उरली नसल्याचं. ती ओळ तिनं दोनदा वाचली. मग उरलेलं वाचलं, तारखेपर्यंत.

"संपलं?"

"संपलं."

दगडाबाईनं नोटा ओच्यात खोचल्या, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बाजाराच्या वाटेला लागली. बसम्मा कागदाकडं पाहत तिथंच बसून राहिली. सातशेतले तीनशे वाण्याचे होते, दोनशे डॉक्टरचे. उरलेल्यात पावसाळा निघणार नव्हता. पालमच्या रस्त्यावर खडी फोडायचं रोजगार हमीचं काम निघणार असं कोणीतरी म्हणत होतं, पण ते कधी, हे कोणालाच माहीत नव्हतं.

कारकून दार लावायला आला. "बाई, उठा आता," तो म्हणाला. ती उठली. पायांना मुंग्या आल्या होत्या, म्हणून थोडा वेळ तिला कठडा धरून उभं राहावं लागलं.