हरायची पाळी

"आज हरायची पाळी माही नाही हो, ताई. मागच्या इतवारी म्याच हरलो," अश्वजित माझ्या कानाशी कुरकुरला.

"दोघांनाही हरायचंय. फक्त तू जरा तोंड पाडून हर. मागच्या वेळी हसत हरलास."

रंगरावभाऊ तोवर टेबलाशी येऊन बसले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बेरीज-वजाबाकी गेली, जीभ मात्र जागच्या जागी राहिली. त्याआधी अख्ख्या बुलढाण्यात त्यांच्याशी खेळून जिंकलेला माणूस मी पाहिला नव्हता.

हौशी खेळणाऱ्यांसाठी आम्ही तिघं भाऊंच्या घरून 'डबा उघडा' नावाचं चॅनल चालवतो. नव्या बोर्डगेमचा डबा कॅमेऱ्यासमोर उघडायचा, तीन डाव खेळायचे, आणि शेवटी भाऊंनी निकाल द्यायचा. निकाल दोनच. 'कपाटात' नाहीतर 'चुलीत'. भाऊंनी कोर्टात तीस वर्षं दुसऱ्यांचे निकाल टाइप केले, त्याची भरपाई आमच्याकडे चालते. बघणारे बघतात ते त्या 'चुलीत'साठीच.

झटक्यानंतरचा पहिला डाव ते हरले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायको, अन्नपूर्णावहिनी, माझ्या दारात उभ्या.

"रेणुका, एवढं कर माय. त्यायले कच्चं लिंबू धरा."

लहानपणी धाकट्या भावंडाला खेळात घ्यावंच लागायचं, तसं. बाद झालं तरी बाद नाही, आणि हे त्याला कुणी सांगायचं नाही.

धरलं. तेव्हापासून भाऊ एकही डाव हरलेले नाहीत. जर्मनीहून आलेला तीन तासांचा खेळ त्यांनी पाऊण तासात जिंकला आणि म्हणाले, "पोरखेळ आहे. चुलीत." तो जर्मन काही बुलढाण्यात येऊन रडणार नव्हता, म्हणून आम्ही पोट धरून हसलो.

आजचा खेळ करणारी अर्पिता मात्र मलकापूरहून बसनं आली होती, अख्खा घाट डबा मांडीवर धरून.

तिनं केलेल्या खेळाचं नाव 'वाघीण'. मालगाडीचा डबा म्हणजे वाघीण, तिच्यात कापसाच्या गाठी भरायच्या. प्रत्येकाजवळ एक ते नऊ पत्ते, डावात वाघिणी पाचच. सगळ्यांनी एकेक पत्ता पालथा टाकायचा, ज्याचा आकडा मोठा त्याची वाघीण. आकडे सारखे आले तर गाडी दोघांनाही सोडून जाते. दोन वर्षं तिनं एकेक पत्ता हातानं रंगवला होता. झाकणावर खरीखुरी वाघीण काढली होती, मिशांना कापूस चिकटलेली. पुण्याचा एक प्रकाशक तिला म्हणाला होता, 'डबा उघडा'नं कपाटात ठेवला तर छापतो.

खेळ करणाऱ्यानं पटाला हात लावायचा नाही, हा आमचा रिवाज. ती माझ्यामागे स्टुलावर बसली.

पहिला डाव भाऊंनी जिंकला. दुसऱ्यात त्यांनी दोन पत्ते एकदम टाकले.

"काका, एकच पत्ता..."

"पोरी, पटाले हात नाही लावाचा, अन् तोंड बी नाही," भाऊ म्हणाले. आम्ही दोन पत्ते चालवून घेतले.

तिसऱ्या डावात शेवटच्या वाघिणीवर भाऊंनी चार टाकला. माझ्या हातात नऊ होता. मी दोन टाकला. अश्वजितनं एक टाकला, तोंड पाडून, सांगितल्याप्रमाणे.

"ताई," अर्पिता मागून हळूच म्हणाली, "तुमच्याजवळ नऊ होता ना? माझं नियम सांगायचं चुकलं का?"

"नाही गं. मलाच सुचलं नाही."

अश्वजितनं मोबाइल भाऊंकडे वळवला. भाऊंनी डाव्या हातानं कॉलर नीट केली.

"नाव वाघीण, अन् आत मांजर बी नाही. एका हाताचा म्हातारा तीनपैकी तीन डाव जिंकला. ह्या अश्वजितच्या डोक्यात भुसा आहे, थे सोडा. पण खेळात झुंज पाह्यजे का नाही? दोन वर्षं रंगवत बसली पोरगी. त्यापरीस शाळेतल्या पोरायले चित्रं काढाले शिकवली असती. रंग चांगले आहेत, चूल चांगली पेटन."

स्वतःच्या विनोदावर ते खूप हसले. पूर्वी आम्हीही हसायचो.

अर्पिता उठली आणि पत्ते गोळा करायला लागली. आधी अश्वजितचे, एक ते नऊ, ओळीनं. मग माझे. नऊ अजून माझ्या मुठीत होता, तो तिनं मागितला नाही. मी अश्वजितकडे पाहिलं, अश्वजितनं मोबाइलकडे पाहिलं. एक वाक्य बोललो असतो तर पोरीचा खेळ वाचला असता, आणि भाऊ उरले नसते. दोन वर्षांत न बोलायची सवय झालीच होती.

दारातून डाव बघत असलेल्या वहिनी चहा घेऊन आल्या.

"नाराज नको होऊ पोरी," भाऊ खुशीत होते. "खरं तेच सांगतो मी. आता आमच्या अन्नपूर्णीले नऊपर्यंत आकडे धड येत नाहीत. पण आज बसली असती ना, तर थे बी जिंकली असती. हाव का नाही?"

वहिनींनी पहिला कप अर्पितापुढे ठेवला. ट्रे खाली ठेवला. मग माझी मूठ उघडून पत्ता काढला आणि भाऊंच्या पत्त्याला लागून टेबलावर मांडला.

"हा किती आहे?"

"नऊ," भाऊ म्हणाले.

"अन् तुमचा?"

भाऊ पत्त्यावर वाकले. बोटानं त्यावरच्या गाठी मोजल्या.

"चार."

"वहिनी, राहू द्या," मी म्हटलं.

"दोन वर्षं राहू देलं." मोबाइल चालूच होता, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. "तुम्ही जिंकले नाही. झटका आल्यापासून एक बी डाव तुम्ही जिंकले नाही. हे लोकं तुम्हाले कच्चं लिंबू धरून खेळून राह्यले. म्याच सांगतलं होतं."