मुहूर्त टळल्यानंतरचं उड्डाण

मी ड्रोन बोलतोय. उडत होतो तेव्हा माझ्याच पंख्यांच्या भणभणाटात मला माझं ऐकू यायचं नाही. आता एका पोलीस चौकीच्या मागच्या खोलीत, कापडी पिशवीत शिवून, लाखेचं सील लावून ठेवलंय मला. शेजारी एक चेपलेली सायकल आहे आणि कुणाचा तरी मिक्सर. इथे बोलायला भरपूर सवड आहे, ऐकायला कोणी नाही. तुम्ही आलाच आहात तर बसा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते सांगून उपयोग नाही, मलाही तिथलं काही आठवत नाही. मला आठवतं ते वाघोलीतल्या एका भाड्याच्या खोलीपासून. खोकं उघडलं आणि एका मुलीने मला दोन्ही हातांनी उचललं. पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. कुंकू कॅमेऱ्याच्या काचेला लागलं, तेव्हा तिने स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला आणि ओढणीच्या टोकाने ती काच पुसत बसली.

ती अपेक्षा. वाशिमकडची. खराडीतल्या एका ऑफिसात दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्यांच्या शिव्या खायची नोकरी तिने माझ्यासाठी सोडली होती. मला उडवायचं रीतसर शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, माझ्या अंगावर सरकारी नंबर चिकटवला. गावी तिची आई, यमुनाबाई. फोनवर तिचा आवाज खोलीभर ऐकू यायचा.

"वर्षभर उडव तुयी भिंगरी. नाई जमलं त मंग घरी ये. पावने वाट पाहून रायले."

म्हणजे माझ्यावर काय अवलंबून होतं ते कळलं ना? मी उडत राहिलो तर ती पुण्यात राहणार. मी बसलो की तिलाही पाहुण्यांसमोर बसावं लागणार.

आणि आमचं आभाळ सरळ नव्हतं. लोहगावच्या विमानतळामुळे नकाशावर आमच्या डोक्यावरचं आभाळ रंगवून ठेवलेलं. लाल भागात उडायचं नावच काढायचं नाही. पिवळ्या भागात आधी परवानगी मागायची, कुठे, किती उंच, कधीपासून कधीपर्यंत. हिरव्यात तेवढी मोकळीक. लोकांना हे पटायचं नाही. फाटकासमोर गाडी लावू नये म्हणून तीन तीन पाट्या लावणारी माणसं, आभाळाला पाटी नाही म्हणजे ते रिकामंच आहे असं धरून चालतात.

एकदा खराडीत कुणाच्या गच्चीवर वाढदिवस होता. गच्ची लाल भागात. "मॅडम, चिल ना, कोण बघतंय?" तो मुलगा म्हणाला. "विमान बघतंय," म्हणून तिने मला परत बॅगेत ठेवलं. ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

पण जिथे उडायचो तिथे मजा यायची. मी वर गेलो की खालचा प्रत्येक चेहरा वर वळायचा. काका मंडळी पोट आत घ्यायची, काकू पदर नीट करायच्या, पोरं हात हलवायची. एकटी अपेक्षा माझ्याकडे बघायची नाही. ती माझ्या पलीकडचं आभाळ बघायची. तिकडून काही येत तर नाही ना, एवढंच. आधी मला याचा राग यायचा.

मग ते लग्न आलं. मुलगी सदाशिव पेठेतली, उत्कर्षा. तिचे वडील दीनानाथराव, निवृत्त शिक्षक. लॉन मात्र मुलाकडच्यांनी ठरवलेलं, वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्याला. म्हणजे पिवळा भाग. शेवटचं मंगलाष्टक संपलं की अंतरपाट दूर व्हायचा आणि मी वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडायच्या, असं ठरलं होतं.

अपेक्षाने परवानगीसाठी वेळ विचारली आणि भीत भीत म्हणाली, "सर, दोन तास जास्तच मागते. लग्नाला उशीर होतोच."

दीनानाथरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपल्याकडे होत असेल. आमच्याकडे मुहूर्त म्हणजे मुहूर्त. गुरुजी घड्याळ घेऊन बसतात."

तिने पत्रिकेवरची वेळ धरली. पोरगी कामाची पक्की होती, पण थोरामोठ्यांचा शब्द खाली पाडायची तिला सवय नव्हती. तिथेच सगळं बिनसलं.

पेठेतली मंडळी वेळेआधी येऊन बसली. गुरुजी खरंच घड्याळ घेऊन बसले. आणि नवरदेव रस्त्यावर! बँजो लावून त्याचे मित्र भर उन्हात असे नाचत होते, की पाच पावलं पुढे आणि सात मागे. मुहूर्त टळला. आमची वेळही संपली. अपेक्षाने मला बॅगेत ठेवून चेन लावली.

नवरदेव मांडवात आला तेव्हा दीनानाथरावांचा चेहरा उतरून गेला होता. ते बॅगेपाशी आले. "ड्रोन का बंद आहे?"

"सर, परवानगीची वेळ संपली. आता नाही उडवता येणार."

"मुहूर्त गेला. निदान फुलं तरी पडू देत, बाई. एकच मुलगी आहे मला. तिला लहानपणापासून..." कडक माणूस, पण डोळे भरले होते. तिकडे उत्कर्षा हातात हार घेऊन वरच बघत होती.

अपेक्षाने आधी आभाळ पाहिलं. मग चेन उघडली.

मी वर गेलो. शेवटचं मंगलाष्टक सुरू होतं. पाकळ्या सुटल्या, खाली टाळ्या, अक्षता, वाजंत्री. आणि माझ्या पाठीमागून दुसराच आवाज आला. नेहमीपेक्षा खूप खालून एक विमान येत होतं. अपेक्षाला ते माझ्याआधी दिसलं. तिने मला असं खाली खेचलं, की मी खुर्च्यांच्या रांगेतच आदळलो. एक पंखा मोडला. विमान निघून गेलं. कुणालाच काही झालं नाही.

पण विमानातूनही आम्ही दिसलो होतो. पंगती उठायच्या आत जीप आली.

"कोणी उडवला?"

"मी," अपेक्षा म्हणाली.

"उडवायला कोणी सांगितलं?"

तिने दीनानाथरावांकडे पाहिलं. ते जावयाच्या मामांना जिलबीचा आग्रह करत होते. तोंड न वळवता म्हणाले, "ते काम त्यांच्याकडे दिलेलं आहे. नियम त्यांना ठाऊक."

चौकीत साहेबांनी परवानगीची वेळ वाचली, मग पत्रिका वाचली. "पत्रिकेतली वेळ खरी धरलीत? मॅडम, आपण महाराष्ट्रातच वाढलात ना?" सगळे हसले. मीसुद्धा हसलो असतो, जर ती रडत नसती तर.

साहेबांचं चुकलं म्हणत नाही मी. त्या विमानात माणसं होती. नियम तिच्याइतका मला कोणी पाळायला लावला नव्हता, आणि तो मोडला तोही तिनेच. याला काय करणार?

कोर्टात तारखांमागून तारखा पडल्या. तिचा उडवायचा परवाना थांबला. कामं थांबली. वर्ष संपलं.

परवा ती आली होती. मला सोडवायला नाही. खोलीचा राखणदार हवालदार सोनबा, त्याला म्हणाली, "काका, त्याची बॅटरी तेवढी काढू द्या. पडून राहिली की फुगते. पेट घेईल."

"मुद्देमालाला हात नाय लावता येत, ताई. साहेबांचा हुकूम पायजे, अन् साहेबांना कोर्टाचा पायजे. तुमी पुढच्या तारखेला या की."

"पुढच्या तारखेला मी इथे नाही. गावाला चाललेय. लग्न आहे माझं."

सोनबाने हातातली वही मिटली. मग म्हणाला, "चांगलं हाय की." तिने पिशवीवरून नुसता हात फिरवला आणि गेली.

बॅटरी फुगतेय. मला आतून कळतं. तुमच्यापैकी कुणाची ओळख असेल तर एवढंच करा, मला उडवू नका, ती बॅटरी काढा. शेजारच्या सायकलीचा काय दोष? पण होईल असं वाटत नाही.

माझ्या पोटातल्या कार्डावर शेवटचं चित्र आहे. पाकळ्या नाहीत, नवरानवरी नाहीत. खाली येताना टिपलेली अपेक्षा आहे, मान वर करून माझ्या पलीकडे बघणारी. ते तिने कधी पाहिलं नाही. आता तिकडे वाशिमला तिच्याही पत्रिकेवर मुहूर्त छापला असेल. लग्न उशिराच लागेल. सगळे खाली अक्षता टाकत असतील, आणि ती सवयीने एकदा वर बघेल. वर कोणी नसेल.