कमीत कमी पाइप

सुकदेव आबांच्या ओट्यावर वनाला कपबशीतून चहा मिळाला, त्याच दिवशी वस्तीचं पाणी आबांच्या हातात गेलं.

वना आबांच्या गावाला खेटून असलेल्या बौद्धवस्तीतला. धुळ्याला डिप्लोमा करून सरकारी पाणीपुरवठ्यात इंजिनिअर झालेला. सत्त्याऐंशी साली शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या गावांची नळयोजना त्याच्याच टेबलावर आली. टाकी एक, गावं आणि पाडे बरेच, पाइप मोजका. वनानं शिकलेली रीत लावली. ठिकाणांमधली अंतरं लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायची, सर्वांत लहान आधी उचलायचं, आणि आधीच जोडलेल्या ठिकाणांमध्ये दुसरी वाट काढून जे फेरा पुरा करतं ते सोडून द्यायचं. सगळी ठिकाणं जोडली जातात आणि पाइप कमीत कमी लागतो.

टाकीपासून नाल्यावरून थेट वस्तीला जाणारी रेघ त्यानं पेन्सिलीनं काढून पाहिली होती. पण गावच्या चौकातून वस्ती हाकेच्या अंतरावर. शिवाय यानं आपल्या माणसांसाठी जादा पाइप ओढला, असं कुणी म्हणायला नको. त्यानं रेघ खोडली. साहेबांनी पाठ थोपटली.

आबा सरपंच. नकाशा समजून घ्यायला त्यांनी वनाला घरी बोलावलं. वनाच्या बापाला त्या घरी चहा मिळायचा तो ओट्याखाली, वळचणीला खोचून ठेवलेल्या दांडीतुटक्या कपात. वनाला खुर्ची आणि नक्षीची कपबशी. तो हरखला, विचारलं नाही तेही सांगत सुटला.

आबांनी चौकातल्या जोडावर बोट ठेवलं.

"साहेब, हाऊ कॉक बंद व्हयना तं?"

"पुढं वस्तीत थेंब जाणार नाही, आबा. दुसरी वाटच ठेवलेली नाही. म्हणून तर एवढा पाइप वाचला."

आबांनी त्याच्यासाठी आणखी एक कप सांगितला.

नळ आला. वस्तीतल्या बायांनी विहीर सोडली, तिच्यात पालापाचोळा कुजू लागला. पुढं एका वर्षी पोरांनी भीमजयंतीची मिरवणूक गावातून, मारुतीच्या पारापुढून न्यायची ठरवली. आबा नाही म्हणाले नाहीत. चौकातला कॉक तेवढा बिघडला.

एप्रिलचं ऊन. वना घरी आला तेव्हा त्याची आई भागाबाई विहिरीचं पाणी लुगड्याच्या फडक्यातून गाळत होती. शेजारच्या द्रौपदाबाईच्या नातीला जुलाब लागून शिरपूरला नेलं होतं.

"दुसरी वाट नही शे का रे, भाऊ?" भागाबाईनं विचारलं.

दुसऱ्या वाटेसाठी वना ऑफिसात पाइप मागून आला होता. वाचलेला पाइप केव्हाच दुसऱ्या तालुक्यात पुरला गेला होता. कॉक दुरुस्तीला माणूस पाठवला तर चौकात त्याला कुणी हात लावू देईना.

शेवटी पोरांनी माघार घेतली, पण मिरवणुकीच्या बैलगाडीला बांधलेल्या निळ्या पताका त्यांनी वनालाच सोडायला लावल्या. त्या काखेत धरून तो आबांच्या ओट्यापुढं उभा राहिला. मिरवणूक वस्तीतच फिरेल, म्हणाला.

उन्हातून आलेल्या वनासाठी आबांनी आतून तांब्या मागवला. "उन्हमाईन उनात, साहेब. पहिले पानी प्या."

तांब्या थंडगार होता. वना तो रिकामा होईपर्यंत प्यायला. मग आबांनी गड्याला चौकात पाठवलं आणि ओट्यावर बसलेल्यांना सांगितलं, "बठ्ठा तालुकामा असा हुशार पोऱ्या नही."

चहा आला, त्याच नक्षीच्या कपबशीतून. वनानं पताका खाली ठेवल्या आणि कप घेतला.