खालची पायरी

तिने होडीतल्या माणसाची पाठ सुरीने खरवडली आणि पुन्हा पाठच रंगवली. सकाळपासून ही तिसरी खेप. मन कशातच लागत नव्हते. धुतलेले कुंचले पुन्हा धुऊन झाले, खिडकी दोनदा उघडून दोनदा लावून झाली. प्रदर्शन उद्यावर आलेले आणि हे एकच चित्र अडून बसलेले.

प्रदर्शनाच्या बाईंनी पत्रकात लिहूनही टाकले होते, की तिचा समुद्र म्हणजे विरह आणि कोपऱ्यातला पांढरा पक्षी म्हणजे आत्मा. पक्षी खरे तर रंगाचा एक डाग झाकायला आला होता. पण बाईंचा उत्साह बघून ती गप्प बसली. गप्प बसण्याची सवय तिला लहानपणापासूनच होती.

बाबा आले ते न सांगता. होड्या बांधण्यात जन्म गेलेला माणूस. लेकीच्या चित्रांना बरे म्हणत नसत की वाईट. आज मात्र चष्मा पुसून ते चित्रापुढे उभे राहिले आणि बराच वेळ तिथून हललेच नाहीत.

"आपलीच होडी," ते म्हणाले. "कडेचा पट्टा अर्धाच रंगवलेला."

"हो."

तो पट्टा एका संध्याकाळी त्यांनीच रंगवायला घेतला होता. उरलेला अर्धा राहूनच गेला, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दादा ती होडी घेऊन निघून गेला आणि परत आला नाही. त्याला तीस वर्षे झाली.

बाबांनी बोट चित्राजवळ नेले, टेकवले नाही.

"ही धक्क्याची शेवटची पायरी. अमावास्येच्या ओहोटीला तेवढी उघडी पडते, तीही उजाडताना, अर्धा तास. मग पाणी चढतं."

तिच्या हातातला कुंचला थांबला.

"तू तर म्हणाली होतीस, उन्हं वर आल्यावर उठलीस."

बाईंना आत्मा दिसला, बाबांना पाणी दिसले. ते तिने आठवून आठवून जसेच्या तसे उतरवले होते, आणि त्यानेच तिची चुगली केली.

"दादानं शपथ घातली होती," ती म्हणाली. "नऊ वर्षांची होते मी, बाबा. तेव्हा तुम्हाला हाक मारली असती तर..."

"तर मी धावत आलो असतो. आणि तो थांबला नसता."

ते स्टुलावर टेकले. ते ओरडले असते तर तिला बरे वाटले असते.

"एवढंच सांग. जाताना मागं वळून बघितलं का त्यानं?"

तिने चित्रातल्या ओल्या पाठीकडे पाहिले. ही पाठ लहान लहान होत पार दिसेनाशी होईपर्यंत ती त्या पायरीवर उभी होती.

"बघितलं," ती म्हणाली. "दोनदा."

बाबांनी चित्राकडे पाहिले, मग तिच्याकडे. चष्मा काढून ते सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले.

"मग तसंच काढ की," ते म्हणाले.

तिने सुरी उचलली आणि चौथ्यांदा पाठ खरवडायला घेतली.